पाण्याला ताप

जिनिंगच्या मागची खोली, जिथे सरकीची पोती असायची,
आता माझ्याकडे आहे, भाड्यानं.
बाहेरून चुना, पत्र्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर,
आत पांढरे पाइप, पाइपांना भोकं,
भोकांत लेट्यूस, पालक,
आणि तुळशीची एक परदेशी बहीण.
माती कुठेच नाही.
उरकुडे वायरमन पहिल्यांदा आला
तेव्हा दारातच चपला काढून म्हणाला,
"सिस्टर, हा तं वार्डच झाला ना बाप्पा."

खोटं नव्हतं त्याचं.
बत्तीस वर्षं मी लसीचा डबा खांद्याला लावून हिंडले,
दोन ते आठ अंश, दोन ते आठ अंश,
झोपेतही तेच.
एकदा नाल्याला पूर होता.
पलीकडे अकरा लेकरं, त्यांच्या आया,
अलीकडे मी, आणि डब्यात विरघळत चाललेला बर्फ.
पाणी उतरेपर्यंत कुपीवरचा चौकोन काळवंडला.
मी डबा परत आणला.
त्या आयांनी हात केला होता, तो निरोपाचा होता
की थांब म्हणण्याचा, अजून कळलेलं नाही.

मुळांवर चौकोन नसतो.
पण पाणी पंचविसाच्या वर गेलं
की त्यातला श्वास कमी होतो,
पांढरी मुळं आधी चहासारखी होतात,
मग बुळबुळीत, मग वास.
वर पानं दोन दिवस हिरवीच राहतात,
कुणी म्हणणार नाही खाली काय चाललंय.
अशी माणसंही मी तपासली आहेत.

मे महिन्यात बाहेर शेहेचाळीस.
कूलर तेव्हा राजा असतो,
वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा
पत्र्याखालचे बारा-तेरा अंश खाऊन टाकते.
तोच कूलर पोळ्याच्या सुमारास भिकारी:
हवाच ओली, ती आणखी किती पाणी पिणार?
तेव्हा मी त्याचं पाणी तोडते, नुसता पंखा ठेवते,
दोन्ही खिडक्या उघडते,
नाहीतर पानांना घाम सोडता येत नाही
आणि कडा जळतात, भर ओलाव्यात.
डिसेंबरात उलटंच.
पहाटे पाणी बारावर येतं, पानं पोटाकडून जांभळी पडतात,
मग टाकीला गोधडी, आणि आत
माशांच्या काचपेटीतली तापकांडी.

टाकी दोनशे लिटरची, अर्धी जमिनीत पुरलेली.
हिशेब मी आचलला पाठ करायला लावला आहे:
दोन लिटरची गोठलेली एक बाटली म्हणजे एक अंश.
शीतपेटीत बारा बाटल्या, झाकणावर खडूनं नंबर.
दुपारी दोनला लाइन जाते.
आचल रजिस्टर उघडते, अक्षर तिचं गोल:
एकवीस. बावीस. साडेतेवीस.
"सिस्टर, सात नंबर टाकू का?"
थांब, म्हणते मी. थांब.
एकदम गार केलं तरी मुळं घाबरतात.
ती थांबते, पेन चावते,
आणि मी स्कूटरच्या बॅटरीवर चालणाऱ्या
हवेच्या छोट्या पंपाचा
बुडबुड आवाज ऐकत बसते.

कपाळाला हात लावून ताप सांगणाऱ्या बायांना
मी किती रागावले असेन.
हात खोटं बोलतो, बाई. थर्मामीटर घे.

परवा रात्री तीनला लाइन गेली
आणि थर्मामीटरचा सेल संपला.
आचल घरी. दुकानं बंद.
पत्रा दिवसभराचं ऊन अजून परत करत होता.
मी बाही वर केली,
आणि न्हाणीतल्या पाण्याला आया लावतात तसं
कोपर टाकीत बुडवलं.
किती वेळ, माहीत नाही.
बावीस, म्हणाले मी अंधाराला. बाटली नको.

सकाळी उरकुड्यानं सेल आणून दिला.
साडेतेवीस.
दीड अंशाने चुकले.
आचलनं ते रजिस्टरात लिहिलं,
रात्रीच्या रकान्यात, "कोपराने",
आणि माझ्याकडे न बघता
तीन नंबरची बाटली काढली.